सीमेवरची रांग नाशिकमध्ये दिसू द्या

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार

सादर नमस्कार.

सीमेवरची व्यापाराची फाटकं सांभाळणारी लँड पोर्ट्स अथॉरिटी आपल्या खात्याखाली येते आणि बांगलादेशला रस्त्याने जाणारा नाशिकचा बराच कांदा आणि द्राक्षं तिच्याच, पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या फाटकातून पलीकडे जातात, म्हणून हे पत्र आपल्याला.

लासलगाव-पिंपळगावहून निघालेली गाडी सुमारे २,००० किलोमीटर तोडून चार-पाच दिवसांत सीमेवर पोचते. खरा घात तिथे होतो. ताडपत्रीखाली माल उबतो. पावसाळी हवेत खालच्या थराच्या गोण्या आधी ओलसर होतात, मग हाताला चिकट लागतात, वास सुटतो. पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोलला ती थप्पी उघडली की भाव पडलाच. ड्रायव्हर फोनवर एवढंच सांगतो, "शेठ, गाडी लायनीत आहे." नंबर दोन दिवसांत लागेल की सहा, हे त्याला कुणी सांगत नाही.

खरं तर प्रत्येक गाडीची नोंद जागोजागी आहे. टोलवर फास्टॅग, जीएसटीचं ई-वे बिल, कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर शिपिंग बिल (निर्यातीचा कागद), बंगाल सरकारच्या 'सुविधा' पोर्टलवर सीमा ओलांडायचा स्लॉट, शेवटी आपल्या फाटकावरची एन्ट्री. हे सगळं जोडून ज्याचा माल आहे त्याला कुणी दाखवत नाही. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या पीस ब्रिजवर वाहनांमधल्या ब्लूटूथ उपकरणांवरून थांबण्याचा वेळ मोजतात आणि तो सगळ्यांना कळवतात. आपल्याकडे फास्टॅग आहेच. फास्टॅग वाचणारा एक रीडर सीमेअलीकडच्या बनगावच्या पार्किंगला, दुसरा फाटकाशी. दोन वेळांमधला फरक म्हणजे रांगेतला वेळ.

पण निम्मी गोष्ट पलीकडे आहे. आपली गाडी बेनापोलच्या यार्डात माल उतरवून रिकामी परत येते. तिथे जागा नसेल तर इकडे कितीही स्कॅनर लावा, रांग हलणार नाही. आज तिथे किती गाड्या उतरायच्या बाकी आहेत, हा आकडा दोन्ही बाजूंच्या कस्टम्सनी रोज सकाळी एकमेकांना द्यावा. गाडी नंबर, माल आणि वेळ एवढं पुरे, ड्रायव्हरची खासगी माहिती नको. डब्ल्यूटीओचा (जागतिक व्यापार संघटनेचा) व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू आहे. त्याचं आठवं कलम शेजारी देशांना सीमेवरच्या कामाच्या वेळा आणि पद्धती जुळवायला सांगतं, आणि दोन्ही देशांनी तो मान्य केलेला आहे.

१४ सप्टेंबर २०२० ला कांदा निर्यातबंदी आली तेव्हा आधीच निघालेल्या गाड्या सीमेवर अडकल्या. वाटेत किती माल आहे हे त्याच दिवशी सरकारपुढे असतं, तर त्यांना सोडायचं की नाही हे लगेच ठरवता आलं असतं असं माझं ठाम मत आहे.

घोजाडांगा, महदीपूर आणि हिली या बंगालमधल्या इतर सीमा-फाटकांचे आकडेही सोबत हवेत, नाहीतर गर्दी फक्त एकीकडून दुसरीकडे सरकेल. चाळीत कांदा महिनोन् महिने टिकतो. रांग आधी कळली तर गाडी भरायची की दोन दिवस थांबायचं, हे शेतकरी आणि व्यापारी इथेच ठरवतील.

जानेवारीत द्राक्षं सुरू होतील. त्याआधी पेट्रापोलला दोन रीडर बसवून सुरुवात करावी आणि वेळ साध्या एसएमएसवर कळवावी, ही विनंती.

आपला,
एक कांदा-द्राक्ष निर्यातदार, जि. नाशिक