मावशी, तुम्ही हात पदराखाली ठेवलेत म्हणून

मावशी,
सा. न.

हे पत्र माझी धाकटी लेक तुम्हाला वाचून दाखवेल. तिला बजावलंय, आईनं मधेमधे लोकांना जे टोले हाणलेत ते गाळायचे नाहीत. घरी येऊन तोंडानं आभार मानायला गेलं की तुम्ही "बसा सिस्टर, च्या टाकते" म्हणून विषय मोडता. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितेय. आता कुठं पळाल?

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या सासूबाई न्हाणीत घसरल्या, खुबा मोडला, आणि त्या दिवसापासून घरातली भाकरी बंद झाली. मिस्टर चाकणला कंपनीत, महिन्यातून एकदा येणार. मी दवाखान्यात नर्स, माझी ड्युटी कधी सकाळची, कधी रात्रीची. सासूबाईंना ऑपरेशन करून घरी आणलं तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाच्या हातात केळी नाहीतर बिस्किटाचा पुडा, आणि जाताना दारात "काही लागलं तर सांगा हं". एकदोघींना खरंच सांगितलं. एकीच्या सुनेला बरं नव्हतं, दुसरीकडं लग्न निघालं. त्याचा राग नाही, ज्याचे त्याला व्याप असतात. राग सल्ल्यांचा आहे. नात्यातल्या एक बाई आमच्याच खुर्चीत बसून, आमचाच चहा पीत म्हणाल्या, "पोरगी दहा वर्षांची झाली की, लावा तिला चुलीला." तेव्हा पंधरा वर्षांचा थोरला शेजारीच मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याच्याकडं बाईंची नजरसुद्धा गेली नाही. पुढं तुम्ही त्याला भाकरीला बसवलंत तेव्हा त्याच बाईंचा फोन आला, "दहावीचं वर्ष आणि पोराला थापायला लावता? काय म्हणावं तुम्हाला!" पोरगी पाचवीत होती, तिला चाललं असतं. पोरगा दहावीत, त्याला नाही.

त्याआधी मी पैसे देऊन शिकवून पाहिलं होतं. गावातच एक उन्हाळी शिबिर होतं, मुलांना स्वयंपाक शिकवणारं. फी ऐकून मी एकदा गप्प बसले, मग भरली. दोघांना पांढऱ्या उंच टोप्या मिळाल्या, एप्रन मिळाले, रोज ग्रुपवर फोटो यायचे. बिनआगीचा स्वयंपाक म्हणे. बिस्किटं कुस्करायची, त्यावर चॉकलेटचा रस ओतायचा, वर चेरी ठेवायची. ब्रेडचे त्रिकोण कापायचे. शेवटच्या दिवशी लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट आलं. ते धाकटीनं फ्रीजला चिकटवलं, आणि त्याच रात्री त्या फ्रीजमधून दोघांना खायला काही निघालं नाही म्हणून किराणा दुकानातून दहा-दहा रुपयांच्या पुड्या आणल्या. आजीला चहात टोस्ट बुडवून दिला. मी नाइटला होते.

सकाळी तुम्ही बीपीच्या गोळ्या दाखवायला आलात आणि कचऱ्याच्या डब्यात त्या पुड्या पाहिल्यात. काही बोलला नाहीत. संध्याकाळी आलात ते स्वतःची भाकरीचं पीठ मळायची काटवट काखेत मारून.

तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मावशींनी जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं पोषण आहार शिजवला. १९९५ साली योजना आली तेव्हा पोरांना महिन्याला कोरडा तांदूळ मिळायचा, पिशवीत भरून घरी न्यायचा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला. मावशी म्हणतात, "मला तं कोर्टानंच चुलीला लावलं." २००९ मध्ये केंद्रानं स्वयंपाकी बायांचं मानधन महिन्याला १,००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले १० महिने. उन्हाळ्यात शाळा बंद, मानधन बंद. अशा बाईनं त्याच उन्हाळ्यात आमच्या ओट्यापाशी उभं राहून माझ्या लेकरांना फुकट शिकवलं, आणि मी पाकीट पुढं केलं तर "उगं भांडण काढू नका" म्हणाल्या.

माप तर मावशींच्या हातात बसलेलं. पहिली ते पाचवीच्या लेकराला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. धाकटीनं शेजारच्या दुकानातून वजनकाटा आणून तुमची मूठ मोजली, तुम्ही हसत बसलात. थोरल्याला म्हणालात, "तू आठवीच्या पुढं गेला, सरकारी मापातनं सुटला. आता पोट सांगंल ते माप." त्या पोरानं त्यानंतर ताटात कधी टाकलं नाही.

शिकवण्याची रीत तुमचीच. सुरुवातीला गॅस पेटवूच दिला नाहीत. मेथी निवडा, शेंगदाणे पाखडा, तांदूळ धुवा, डाळीतले खडे काढा. धाकटी कुरकुरली तर म्हणालात, "हात कळू दे आधी." मग कानांवर आलात. मोहरी थांबली की जिरं, बेसन रटरटायला लागलं की आच कमी, शेंगदाण्यांची टरफलं तडकायला लागली की तवा खाली. थोरला तेव्हापासून कानातले इयरफोन काढून स्वयंपाकघरात येतो. मी ओरडून ओरडून जे झालं नव्हतं ते मोहरीनं केलं.

एका बाबतीत मी अडून बसले होते, ते तुम्हाला आठवत असेल. वॉर्डात भाजलेली लेकरं येतात, ती बघून बघून मला गॅसची भीती. तुम्ही ती भीती हसण्यावारी नेली नाहीत, हे मला फार लागलं, चांगल्या अर्थानं. कढईचा दांडा आतल्या बाजूला, गरम भांडं धरायचं फडकं कोरडंच, ओलं असेल तर वाफेनं हात पोळतो, तेलानं पेट घेतला तर पाणी न टाकता झाकण घालायचं आणि गॅस बंद, कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकणाला हात नाही. हे तुम्ही रोज म्हणून घेतलंत, परवचा म्हणावा तसं. फक्त भाजल्यावर काय लावायचं यावर आपलं वाजलं. तुम्ही बटाटा किसून, मी वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं, हळद नाही, टूथपेस्ट नाही, शाई तर नाहीच. तुम्ही एवढंच म्हणालात, "ते तुमचं खातं, सिस्टर. मी भाकरीचं बघते." स्वतःचं तेच खरं म्हणणारी माणसं मी दवाखान्यात दिवसभर बघते, म्हणून हे वाक्य मला किती मोठं वाटलं ते कसं सांगू.

पण मला लिहायचंय ते वेगळंच.

त्या दिवशी मी ड्युटीवरून आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. थोरला तव्यासमोर. भाकरीवर पाणी फिरवून झालेलं, ते सुकत आलेलं, कड वर उचललेली, आणि त्याला उलथणं घालायचा धीर होईना. करपणार हे मला दारातून दिसत होतं. वासही सुटला. माझा हात आपोआप पुढं झाला. तुम्ही त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर उभ्या. आणि तुमचे दोन्ही हात पदराखाली घट्ट गुंडाळलेले. थंडीत बायका घेतात तसे, पण मे महिना होता, घामानं तुमचं कपाळ निथळत होतं. पदराआड बोटं चुळबुळत होती, ती मी पाहिली. शाळेभर लेकरांची खिचडी ढवळलेले हात ते. एका क्षणात भाकरी उलटली असती.

त्यानं विचारलं, "मावशी, उलटू का?"

तुम्ही म्हणालात, "तुझा तवा हाय, मला काय इचारतो?"

उलटली त्यानं. अर्धी तव्यालाच राहिली, अर्धी तुटून ओट्यावर. तुम्ही हात पदरातून काढलेत ते तो तुटका तुकडा उचलायला. फुंकून तोंडात टाकलात. चटणी नाही, तेल नाही. "शिजलीय," म्हणालात, आणि पुढचा उंडा त्याच्यापुढं सरकवलात. पलीकडच्या खोलीतून सासूबाई पलंगावरूनच ओरडल्या, "पीठ सैल झालंय, थापायचा आवाज बरोबर येईना!" त्या दिवसापासून त्याही मास्तरीण झाल्या, पडल्या पडल्या.

ट्रेनिंगला असताना आम्हाला एक सीनियर होत्या. शीर सापडेना म्हटलं की हातातली सुई ओढून घ्यायच्या, स्वतः टोचायच्या, वर पेशंटसमोर बोलायच्या. पेशंटचं काम झटकन व्हायचं, मी मात्र तिथंच राहायची. तुमचे ते बांधलेले हात बघताना मला त्यांची आठवण झाली, आणि वाटलं, त्यांना तुमच्या हाताखाली चार दिवस पाठवायला पाहिजे होतं.

नंतर चहा घेताना मी विचारलं, तुम्ही कधी शिकलात? तुम्ही सहज सांगितलंत, आणि माझा घोट अडकला. आईबाप ऊसतोडीला, दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते निघायचे तेव्हा तुम्हीही गाडीत. पहाटे ते दोघं फडात, तुम्ही कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत तीन दगडांच्या चुलीपुढं. आठ वर्षांच्या. धुरानं डोळे गळायचे, भाकरी तुटायची, आणि ती तुटलेली बघायलाही कुणी नसायचं. "मी शिकले न्हाई सिस्टर, मला करावी लागली," म्हणालात. बीड जिल्ह्यात आजही थंडीच्या दिवसांत कितीतरी लेकरं अशीच चुलीपुढं आहेत, कोपीवर नाहीतर गावाकडं म्हाताऱ्या आजीपाशी. मुलांना स्वयंपाक आलाच पाहिजे, असं मोबाईलवर लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असतं का कोण जाणे. हात भाजला तर धरायला, तुटलं तर खायला मोठं माणूस शेजारी उभं असणं, एवढाच फरक आहे तुमच्या आठ वर्षांत आणि माझ्या लेकाच्या पंधरा वर्षांत. तुम्हाला जे मिळालं नाही ते तुम्ही परक्याच्या पोराला दिलंत. बहुतेक माणसं उलटं करतात. आम्ही सोसलं, आता तुम्ही सोसा.

चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं, असं मला आधी वाटायचं. रक्तदान शिबिर, स्टेजवर सत्कार, शाल, नारळ. गल्लीत असे सत्कारमूर्ती चारपाच आहेत, आणि आमची चूल बंद होती तेव्हा त्यातल्या एकाचीही सावली दारात पडली नाही. ज्यांच्या नावाचा फ्लेक्स कधी लागणार नाही त्या तुम्ही आलात, आणि येताना भांडंही स्वतःचं घेऊन आलात, म्हणजे आमच्या घरात काय आहे, काय नाही, हे विचारून मला लाजवायला नको. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

पिठाचंही सांगते. दुकानातलं तयार पीठ तुम्ही नाकाला लावलंत आणि परत बांधलंत, "विरी गेलीय याची, चिकटपणा ऱ्हायला न्हाई. तुमच्या सासूबाईलाबी याची भाकर जमणार न्हाई." थोरल्याला तेव्हा केवढा धीर आला! ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकळतं पाणी घालायचं, म्हणजे पिठातलं स्टार्च फुलून उंडा एकजीव होतो, हे त्यानंच नंतर विज्ञानाच्या भाषेत मला ऐकवलं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये जास्त लोह-जस्ताची 'परभणी शक्ती' ज्वारी काढलीय, ते सांगितलं तर तुम्ही नाक मुरडलंत, जुन्या मालदांडी ज्वारीपुढं तुम्हाला काही पटत नाही. रक्त कमी असलेल्या पोरी रोज वॉर्डात बघणारी मी, या एका गोष्टीत तुमचं ऐकणार नाही.

आता कामाचं. थोरल्याला अकरावीला लातूरला घातलंय. मेसचा डबा लावलाय, पण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, आणि तो म्हणतो तेवढं मी करून खाईन, रूममधल्या पोरांनाही घालीन. रूममालक गॅस ठेवू देत नाही, इंडक्शनची शेगडी चालेल म्हणतो. तिच्यावर लोखंडी तवा चालतो, फक्त बूड सपाट पाहिजे. आमच्या तव्याला मधे खोलगा आहे, तुमचा जुना सपाट आहे. तो देता का? दुसरं, जाळ नसल्यामुळं भाकरी फुगवायची कशी, तव्यावरच फडक्यानं दाबत फिरवली तर पापुद्रा सुटेल का, हे मला सांगता येत नाही. तो शनिवारी जाणार. त्याआधी एक दिवस या, आणि काटवट आणू नका, मी नवी घेतलीय.

तुमची,
सिस्टर