जुन्या एचएमटीला रंग फासून ओरिजिनल म्हणू नका

संपादक महोदय, नमस्कार.

मला जुनी चावीची घड्याळं उघडून साफ करायचा छंद आहे, आणि एचएमटी म्हणजे तर जीव की प्राण. बंगलोरचा त्यांचा कारखाना 1961 मध्ये जपानच्या सिटीझन कंपनीच्या मदतीने सुरू झाला, सरकारने 2016 मध्ये ही घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं आणि तेव्हापासून त्यांच्या जनता, पायलट या मॉडेलना एकदम डिमांड आली, त्यामुळे आता बाजारात रीडायल केलेला, म्हणजे डायल नव्याने रंगवलेला माल ओरिजिनल म्हणून खपवतात. मी पण एक पायलट घेतलं, भिंगातून बघितलं तर डायलवरच्या अक्षरांच्या कडा फाटलेल्या, रंग जाड, आत मशीन मात्र 17 ज्वेल्सचं (झीज कमी करणाऱ्या बारीक खड्यांचं) खरं, जुनं तेल सुकून चिकट झालेलं. सुटं करून धुतलं, थेंबभर तेल दिलं आणि टिकटिक सुरू झाली तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं.

डायल बदला, काच बदला, हौसेने नटवा, माझी काहीच हरकत नाही हो, मीही बदलतो. पण विकताना तोंडाने सांगा ना काय बदललंय ते! बाबांच्या घड्याळाची आठवण म्हणून लोक पैसे मोजतात, त्यांना कशाला फसवायचं.

– एक वाचक, पुणे