आयएसओचा बोर्ड लागला, पण ठरवलं कोणी?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या गेटवर दोन वर्षांपूर्वी 'आयएसओ मानांकित शाळा' असा मोठा बोर्ड लागला, त्यासाठी लोकवर्गणी निघाली, भिंती रंगवल्या, मी पण पैसे दिले आणि शाळा खरंच छान दिसते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे आणि आयएसओ घ्यायचं हे आमच्या मिटींगमध्ये ठरलंच नाही, सगळं झाल्यावर रजिस्टर घरी फिरवून सह्या घेतल्या. आरटीई कायद्याने या समितीत किमान 75 टक्के पालक असतात, ते काय नुसत्या सह्या करायला?

मग मी जरा माहिती काढली. आयएसओ ही जिनिव्हाची संस्था फक्त स्टँडर्ड लिहिते, सर्टिफिकेट ती कोणालाच देत नाही, ते देतात बाहेरच्या एजन्सीज. या एजन्सी धड काम करतात का हे तपासून आपल्याकडे एनएबीसीबी हे राष्ट्रीय मंडळ त्यांना मान्यता देतं, पण ती मान्यता घेणं एजन्सीवर सक्तीचं नाही, म्हणजे मान्यता नसलेला पण कागद देऊन जाऊ शकतो. आमच्या एजन्सीला आहे का, हे पैसे देताना कोणी विचारलंच नाही.

आणि 9001:2015 या आयएसओच्या कामाच्या दर्जाबद्दलच्या स्टँडर्डमध्ये भिंतीच्या रंगाबद्दल काही नाहीये हो! काय साधायचंय ते आधी ठरवा, तक्रार आली तर कारण शोधा, दुरुस्त करा, काय केलं ते लिहून ठेवा, अधूनमधून स्वतःचं ऑडिट करा, असं सगळं आहे त्यात. आमच्याकडे मुलींच्या टॉयलेटला पाणी येत नाही हे जूनपासून तीनदा तोंडी सांगून झालं, एकदाही नोंद नाही. सर्टिफिकेट साधारण तीन वर्षांचं असतं आणि मध्ये दरवर्षी तपासणी व्हायला पाहिजे, इथे बोर्ड लागल्यापासून कोणी फिरकलेलं नाही.

स्टँडर्ड ऐच्छिक आहे, घ्या म्हणून कोणी मागे लागलं नव्हतं, आपणच घेतलं ना, मग पाळायचं पण आपणच.

या महिन्याच्या मिटींगसाठी मी दोन विषय लेखी दिलेत, टॉयलेटचं पाणी आणि एजन्सीची मान्यता. मुख्याध्यापकांनी पोच दिली आहे.

– एक पालक, सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती