हरकतीला पोच मिळेल का?

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी तालुक्याच्या गावात महा-ई-सेवा केंद्र चालवतो. दिवसभर रहिवासी दाखले, उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रीमी लेयर. अर्ज भरला की पावती निघते, तिच्यावर क्रमांक असतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमामुळे काम किती दिवसांत व्हायला हवं तेही ठरलेलं आहे, आणि नाहीच झालं तर अपील करता येतं. एवढी शिस्त एका दाखल्यासाठी.

कायद्याच्या नाहीतर नियमांच्या मसुद्यावर हरकत पाठवली, तर हातात काहीच येत नाही.

मागे एका नियमांच्या मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या. आमच्याकडचे एक दूधवाले काका त्याची पीडीएफ मोबाइलवर घेऊन आले. स्कॅन केलेली पानं, तीही तिरकी. मी वाचत होतो, ते स्टुलावर बसून ऐकत होते. 'सक्षम प्राधिकारी' आला तसं त्यांनी थांबवलं. "म्हंजे कोण? तलाठी का तहसीलदार?" मसुद्यात ते कुठेच नव्हतं. पुढे अपिलाची मुदत आली, सात दिवस. काका म्हणाले, "लिही, ओढ्याला पाणी आलं की आमची वाडी आठ-आठ दिवस तुटती. सातात यायचं कसं?" दोन्ही मुद्दे टाइप करून ई-मेल केला. चार ओळींची हरकत होती, पण ओढ्याचं पाणी मुंबईत बसून कुणाला दिसलं नसतं.

अंतिम नियम आले. सक्षम प्राधिकारी तसाच, सात दिवसही तसेच. वर राजपत्रातलं नेहमीचं वाक्य: ज्याअर्थी, प्राप्त हरकती व सूचना शासनाने विचारात घेतल्या आहेत, त्याअर्थी... कोणी घेतल्या विचारात? काकांची हरकत नाकारायला माझी ना नाही. प्रत्येकाचं ऐकत बसलं तर एकही नियम व्हायचा नाही. पण का नाकारली, हे एका ओळीत तरी कळायला नको? काका अजून दाखल्याला आले की विचारतात, "त्याचं काय झालं रं?"

मोठ्या कायद्यांचीही गत फार वेगळी नाही. विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा बारा हजारांहून जास्त सूचना आल्या. समितीने काही बदल केले, जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं. त्या बदलांपैकी कुठला कोणाच्या सूचनेमुळे झाला आणि बाकीच्या हजारो का बाजूला पडल्या, हे सूचना पाठवणाऱ्याने कुठे बघायचं?

आपल्याच देशात हे जमलेलं आहे. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या संकेतस्थळांना सारखीच वागणूक मिळावी यावर, 'ट्राय'कडे (दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे) दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. 'ट्राय' आलेली मतं संकेतस्थळावर टाकते आणि त्यांवर उलट मतंही मागवते. ८ फेब्रुवारी २०१६ ला संकेतस्थळ बघून इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घालणारा नियम काढला, तेव्हा दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडून आपला निर्णय का, हे सोबत लिहिलं. कायदा करण्याआधी लोकांचं मत घेण्याबाबतचं केंद्र सरकारचं २०१४ चं धोरणही सांगतं की मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवा, सोप्या भाषेत समजावा, आलेल्या मतांचा गोषवारा संकेतस्थळावर द्या. पण ते नुसतं धोरण, कायद्याचं बळ त्याला नाही. म्हणून पाळलं तर पाळलं.

महाराष्ट्राने ते कायद्यातच लिहावं. मसुदा स्कॅन केलेला नको, आतला शब्द शोधता येईल अशा युनिकोड (कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या) मराठीत असावा. प्रत्येक हरकतीला क्रमांक मिळावा. आणि अंतिम अधिसूचनेसोबत तक्ता यावा: मुद्दा काय, स्वीकारला की नाही, का. एकसारख्या हजार हरकती असतील तर एकच उत्तर चालेल. दाखल्यांची यंत्रणा उभी आहेच, क्रमांक कसा द्यायचा हे तुमच्या सॉफ्टवेअरला ठाऊक आहे. आमच्यासारख्या केंद्रांवरून हरकत भरायची सोय केलीत, तर मी त्याचे पैसे घेणार नाही.

कळावे,
आपला,
एक केंद्रचालक

ता. क. हरकती जाहीर करताना लोकांचे ई-मेल आणि मोबाइल नंबर तेवढे झाका. २०१५ मध्ये 'ट्राय'ने ई-मेल पत्त्यांसकट सगळं छापलं होतं.