उपग्रह इंटरनेट : दराचे ठरेल, आकाशाचे काय?

संपादक महोदय,

उपग्रह इंटरनेटची आपल्याकडची चर्चा बहुतेक पैशांभोवती फिरते. लहरींचा लिलाव की थेट वाटप, दूरसंचार नियामक ट्रायने ९ मे २०२५ रोजी सुचवलेले महसुलाचे चार टक्के कमी की जास्त, शहरी ग्राहकामागे वर्षाला वेगळे ५०० रुपये कशाला. यातला वाटपाचा वाद २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जवळपास मिटवला आहे. पण खेड्यातल्या ग्राहकाला वेग किती मिळणार, हे ज्या नियमावर अवलंबून आहे त्याकडे कोणी फिरकत नाही. तो नियम २००० सालचा आहे.

विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांची रांग आहे. गच्चीवरची डीटीएचची छत्री त्यातल्याच एकाकडे तोंड करून असते. डीडी फ्री डिशची ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ कडे. उपग्रह इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून धावतात आणि ग्राहकाला सिग्नल देतात तो १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झमध्ये. छत्रीचा लहरींचा पट्टाही तोच. ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत जेमतेम तीन अंशांचा, त्यामुळे असा उपग्रह त्यातून तीन-चार सेकंदांत पार होतो. पण तेवढ्या वेळात त्याने त्याच लहरीवर प्रक्षेपण केले आणि खाली कोकणात जुलैची सर कोसळत असली, तर आधीच काठावर आलेला सिग्नल पडतो आणि पडद्यावर चौकोन दिसू लागतात.

हे टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या रेडिओ नियमावलीतल्या कलम २२ मध्ये ‘ईपीएफडी’ मर्यादा आहेत. संपूर्ण तारकासमूहाकडून, म्हणजे एका कंपनीच्या फिरत्या उपग्रहांच्या ताफ्याकडून, छत्रीत मिळून किती शक्ती शिरली तर चालेल, याचा तो तक्ता: छत्रीच्या आकारानुसार आणि वेळेच्या टक्केवारीनुसार. १९९७ मध्ये तो तात्पुरता ठरला, २००० मध्ये संघटनेच्या इस्तंबूलच्या जागतिक रेडिओ परिषदेत पक्का झाला. तेव्हा ज्या तारकासमूहांचे आराखडे समोर होते ते कधी कार्यरत झालेच नाहीत.

मर्यादा पाळायची म्हणून कंपन्या भूस्थिर रांगेच्या दोन्ही बाजूंचा आकाशाचा पट्टा सोडून देतात. तिथून जाणारा उपग्रह त्या ठिकाणच्या ग्राहकाला सेवा देत नाही. खरी मेख इथेच आहे. लंडनहून पाहिले तर ही रांग दक्षिणेला क्षितिजापासून फार तर ३१ अंश वर दिसते. डोक्यावरचे आणि उत्तरेचे आकाश मोकळे राहते. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केले, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव आहेत. अक्षांश १८ ते साडेएकवीस. तिथे रांग ६५ ते ६९ अंश उंच असते. दोन्ही बाजूंना १८ अंश सोडायचे म्हटले, तर दक्षिणेला पन्नासेक अंशांपासून जवळजवळ माथ्यापर्यंतचे आकाश बाद. सर्वांत जवळचे उपग्रह असतात तेच हे आकाश. माथ्यावर ५५० किलोमीटरवर असलेला उपग्रह क्षितिजापासून ४० अंशांपर्यंत खाली कलला की अंतर ८१० किलोमीटर होते आणि त्याच शक्तीचा सिग्नल निम्म्याहून कमी पोहोचतो. त्यात विषुववृत्ताशी ५३ अंश कललेल्या कक्षांमध्ये उपग्रहांची दाटी ५३ अक्षांशाच्या आसपास होते, आपल्याकडे ते विरळच. म्हणजे नियमाचा बोजा सर्वांत जास्त उष्ण कटिबंधावर पडतो. (म्हणून स्टारलिंकच्या डिशला मोकळी हवी ती उत्तर. डीटीएचच्या सवयीने दक्षिण बघून जागा निवडली आणि उत्तरेला चिंच असली, तर दुवा वारंवार तुटेल.)

अमेरिकेच्या दूरसंचार नियामक एफसीसीने २८ एप्रिल २०२५ रोजी या मर्यादा बदलण्याचा प्रस्ताव मांडला. शक्तीचा कोरडा आकडा न पाहता समोरच्याच्या सेवेत प्रत्यक्ष किती घट झाली हे मोजावे, हा त्यामागचा विचार. तो नवा नाही. २०१९ च्या परिषदेने ४०-५० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांसाठी तेच केले: एका यंत्रणेमुळे सरासरी क्षमतेत ३ टक्क्यांपेक्षा जास्त घट नको. हा विचार आमच्या मते योग्य आहे, पण जसाच्या तसा उचलू नये.

एटीएम, पेट्रोल पंप, दुर्गम बँकशाखा यांच्या व्हीसॅटमध्ये (छोट्या दुहेरी उपग्रह-जोडणीत) आता असे मॉडेम असतात की पाऊस वाढला तर ते स्वतःहून सावध, म्हणजे हळू पण चुका सोसणाऱ्या, कोडिंगवर उतरतात. वेग घटतो, दुवा टिकतो. २००० च्या तक्त्यात हे धरलेले नाही. अशा मॉडेमचे डीव्हीबी-एस२ हे मानकच २००५ चे. अशा दुव्यांना क्षमतेची टक्केवारी पुरेशी आहे. डीटीएचला नाही. एकच सिग्नल कोट्यवधी घरांत जातो, एका घरावर पाऊस पडतोय म्हणून तो बदलता येत नाही. तिथे चित्र असते किंवा नसते. म्हणून ६० ते ९० सेंटिमीटरच्या छत्र्यांसाठी वर्षातली एकूण किती मिनिटे चित्र जाऊ शकते, याची वेगळी आणि कडक मर्यादा हवी.

दुसरी गोष्ट बेरजेची. जुन्या तक्त्यात एकेका यंत्रणेचा वाटा काढताना एकाच वेळी साडेतीन यंत्रणा चालतील असे धरले होते. शिवाय एकच तारकासमूह कागदावर संघटनेकडच्या दोन-तीन अर्जांत विभागून प्रत्येकासाठी पूर्ण वाटा मागता येतो. भारतात वाटप करताना दूरसंचार विभागाने मर्यादा अर्जाला न लावता मालकाला लावावी, आणि सोडलेला कोन, एका जागी एका लहरीवर सेवा देणाऱ्या उपग्रहांची संख्या व शक्तीचे तक्ते जाहीर करण्याची अट घालावी.

२०२३ च्या दुबई परिषदेने या मर्यादांचा अभ्यास सुरू ठेवला, पण २०२७ च्या शांघाय परिषदेत त्यावरून नियम बदलायचा नाही असेही ठरवले. म्हणजे तिथे अहवाल ठेवले जातील, आणि पुढचे नियम त्यांवरून घडतील. समशीतोष्ण देशांची मोजमापे त्यात असतीलच. ६० सेंटिमीटर आणि १.२ मीटरच्या छत्र्या, शेजारी पर्जन्यमापक, दर सेकंदाची नोंद, एक ठिकाण कोकणात आणि एक धाराशिवला: एका पूर्ण पावसाळ्याची अशी नोंद भारताच्या हाती असायला हवी. उपकरणे महाग नाहीत. पावसाळा मात्र चुकला की वर्षभर थांबावे लागते.

— उपग्रह दळणवळण क्षेत्रातील काही अभियंते, पुणे