घाटाखालच्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

पांढरी गाडी, सोबत गुडघे धरून बसलेली आई, खांबाटकी उतरून दुपारी कशीबशी तुमच्या दारात येऊन थांबलेली मी. एवढ्यावर ओळख पटेल. त्या दिवशी पैसे दिले, "येते काका" म्हणाले आणि निघाले. आभार मानायचे राहूनच गेले. आता चारचौघांत मानतेय, कारण जुनी गाडी घेऊन माझ्यासारखे अडकलेले पुष्कळ आहेत आणि तुमच्या गॅरेजला तर साधी पाटीही नाही.

गाडी 2009 ची, मी घेतली गेल्या वर्षी. दोन महिन्यांत बोनेटखालून घरघर सुरू झाली आणि चढाला तापमानाचा काटा वर जायला लागला. पुण्यात एका गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसानं दोन मिनिटं आवाज ऐकला आणि माझ्याऐवजी माझ्या भावाकडे बघून सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय, आतलं बेअरिंगही वाजतंय. इंजिन उतरवावं लागेल. 38 हजार धरून चाला." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ठोकळा यांच्यामधली पाणी-ऑईल अडवणारी पातळ पट्टी.) भावाला गाडी चालवता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणून टाळत राहिले. आणि त्या दिवशी खामजाईच्या देवळाजवळ काटा लालमध्ये गेला. मी हातातली पाण्याची बाटली इंजिनावर रिकामी करणारच होते, तेवढ्यात मागच्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "ओ ताई, तापल्या इंजिनावर गार पाणी नका ओतू, हेडला तडा जाईल! झाकणालाही हात नको." त्याचेही आभार इथेच मानते. पाऊण तास थांबलो. मग एसी बंद आणि ऐन मे महिन्यात हीटर फुल, अशी गाडी खाली आणली. इंजिनातली उष्णता हीटर खेचून घेतो म्हणे. आईनं वाटेत फक्त "देवा" म्हटलं, दोनदा.

तुम्ही पान्याला हातच लावला नाहीत. आधी विचारलंत, आवाज कधी येतो? गार असताना की तापल्यावर? ॲक्सिलरेटर दिला की वाढतो का? पाणी किती दिवसांनी भरावं लागतं? कुठलं भरता? बोअरचं म्हटल्यावर तुम्ही नुसती मान हलवलीत.

इंजिन पुरतं निवल्यावर ऑईलचं झाकण काढून मला दाखवलंत. आतून काळं, स्वच्छ. "गॅस्केटमधून पाणी ऑईलात गेलं असतं, तर हितं दुधाच्या चहासारखा साका दिसला असता." मग रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलंत. बुडबुडे नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नाही. 38 हजारांतला मोठा हिस्सा मला तिथेच वाचल्यासारखा वाटला.

आणि मग तो लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनावर, मूठ कानाला. मला वाटलं, तुम्ही ऐकाल आणि निकाल द्याल. पण तुम्ही तो माझ्या हातात दिलात. "ताई, तुम्हीच ऐका. गाडी तुमची हाय." टॅपेट कव्हरवर शिवणयंत्रासारखी टिकटिक. अल्टरनेटरवर बारीक, सलग सूं सूं. आणि वॉटर पंपावर टेकवला तर कानात खडी दळली जात होती! मी दचकून हात मागे घेतला, तर तुमचा पोऱ्या हसला. पुढे तुम्ही फॅन बेल्ट काढून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलंत. घरघर गायब. म्हणजे दुखणं इंजिनाच्या पोटात नव्हतंच, बेल्टावर फिरणाऱ्या भागात होतं. पंपाची पुली धरून हलवलीत तर ती सैल दातासारखी डुलली. खालच्या बारीक भोकातून पाणी झिरपून पांढरा ओघळ वाळला होता.

आवाज आणि तापणं ही दोन दुखणी समजून मी दोन महिने काळजी केली, आणि दोन्हीच्या मुळाशी हा एक पंप. बेअरिंग वाजत होतं, सीलमधून पाणी जात होतं, आणि साध्या पाण्यानं गंजून आतल्या पंख्याची पाती निम्मी उरली होती. पाणी फिरणार कसं?

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह. त्याचं घर उघडलंत तर आत वॉल्व्हच नाही. "तापतीय म्हणून कुणीतरी काढून टाकला. काढून दुखणं जात न्हाय, नुसतं पेट्रोल जास्त पितीया." नवा आणला, त्यावर 82 कोरलेलं, म्हणजे तो 82 अंशांना उघडायला लागतो. तोही तसाच बसवला नाहीत. शेजारच्या टपरीवरून जुनं पातेलं आणलंत, वॉल्व्ह दोऱ्याला बांधून पाण्यात सोडलात. पाण्याला अजून उकळी फुटायची होती, आणि तो पितळी डोळा हळूहळू उघडायला लागला. आई गुडघे विसरून बघायला उठली.

रेडिएटरचं जुनं झाकण मात्र तुम्ही बघताक्षणी फेकलंत, रबर दगड झालं होतं. झाकणानं 0.9 बार दाब धरला तर आतलं पाणी 118 अंशांपर्यंत उकळत नाही, हे मी घरी येऊन वाचलं. तुम्ही म्हणाला होता, "कुकरची शिट्टी समजा." ते जास्त चांगलं कळलं.

पंप, बेल्ट, वॉल्व्ह, झाकण, कूलंट आणि मजुरी मिळून 4,150 रुपये. वर जुना पंप फडक्यात गुंडाळून दिलात, "पुण्यातल्या त्या माणसाला दावा." अजून दाखवलेला नाही. टीव्हीशेजारी ठेवलाय, आई रोज भंगारात दे म्हणते.

दर रविवारी गार इंजिनावर कूलंटची पातळी बघते. घटलेली नाही. नव्या बेल्टचा ताण हजार किलोमीटरवर बघून घ्या म्हणाला होतात, 940 झालेत. पुढच्या शनिवारी येतोय. आई शेंगदाण्याचे लाडू करतेय, पोऱ्यासाठी वेगळा डबा.

तुमची,
पांढऱ्या गाडीवाली