तापमान आणि सममिती: लेकीस पत्र

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू प्रबंधातलं वाक्य वाचून दाखवलंस, "तापमान आलं की लॉरेंट्झ सममिती, म्हणजे एकसमान वेगाने चालणाऱ्या सगळ्या निरीक्षकांना भौतिकीचे नियम सारखेच दिसणं, मोडते." मी हो म्हटलं खरं, पण रात्री ते मनात सलत राहिलं. ते तसंच ठेवू नकोस. क्वांटम विद्युतगतिकीची, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांच्या सिद्धांताची, समीकरणं शून्य केल्व्हिनला जी असतात, तीच ३०० केल्व्हिनला असतात. सममिती जाते ती अवस्थेची. भोवती फोटॉनांची, म्हणजे प्रकाशकणांची, गर्दी असते आणि त्या गर्दीची स्वतःची एक स्थिर चौकट असते, जिच्यातून पाहिलं तर ती गर्दी एकंदरीत थांबलेली दिसते.

विश्वात सगळीकडे पसरलेलं सूक्ष्मलहरी प्रारणच बघ. त्याचं तापमान २.७२५ केल्व्हिन. आपली सूर्यमाला त्यातून सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणून पुढच्या दिशेचं आकाश मागच्यापेक्षा काही मिलिकेल्व्हिनने ऊबदार दिसतं. समीकरणांत हा वेग कुठेच नाही. तो फोटॉनांनी आणला.

मी तुझ्या वयाची असताना इथेच अडखळले होते. इलेक्ट्रॉनची स्वऊर्जा (भोवतालच्या फोटॉनांमुळे त्याच्या ऊर्जेत होणारा बदल) काढताना बोस वितरणाच्या, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन ते सांगणाऱ्या सूत्राच्या, घातांकात मी फोटॉनची ऊर्जा भागिले तापमान एवढंच लिहिलं होतं. चौकट बदलली की उत्तर जुळेना. दोन महिने मी इंटिग्रेशनमधली चूक शोधत बसले. घातांकात ऊर्जेच्या जागी हवा होता फोटॉनचा चतुःसंवेग (ऊर्जा आणि संवेग एकत्र) आणि हीट बाथचा, म्हणजे त्या फोटॉनांच्या गर्दीचा, चतुर्वेग (अवकाश-काळातला वेग) यांचा अदिश गुणाकार. तो चतुर्वेग लिहिला की सगळं पुन्हा सहचर होतं, म्हणजे कुठल्याही चौकटीत समीकरणाचं रूप तेच राहतं, आणि सममिती कोणी घालवली हेही कागदावर दिसतं.

आता तुझा खरा प्रश्न, तापमानाने इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाचं काय होतं, हा. डोनॉह्यू, होल्स्टीन आणि रॉबिनेट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात हे गणित केलं. तापमान इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानापेक्षा खूप कमी असेल (दोन्ही ऊर्जेच्या एककात मोजून), तर जडत्वीय वस्तुमान (ढकलताना जाणवणारं) थोडं वाढतं आणि गुरुत्वीय वस्तुमान (गुरुत्वाकर्षण ज्यावर ओढतं ते) तेवढंच घटतं. दोघांतला सापेक्ष फरक दोन-तृतीयांश गुणिले पाय (π) गुणिले अल्फा (विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा स्थिरांक), गुणिले तापमान आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तराचा वर्ग.

आकडे घालून बघ. ३०० केल्व्हिनला केटी, म्हणजे ऊर्जेच्या एककातलं तापमान, येतं ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ५,११,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे गुणोत्तर दोन कोटींत एक. त्याचा वर्ग केला, अल्फाचा १/१३७ घातला, की उरतो दशांश चिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग ४. ही दोन वस्तुमानं सारखी आहेत का हे तपासायला मायक्रोस्कोप उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनमचे तुकडे पडताना पाहिले. २०२२ च्या अंतिम निकालात त्याची अचूकता दशांशानंतर चौदा शून्यांच्या घरात होती. त्यातही पदार्थाच्या वस्तुमानात इलेक्ट्रॉनांचा वाटा चार हजारांत जेमतेम एक, आणि दोन धातूंमधला फरक त्याहून लहान. त्यामुळे हा परिणाम तिथे दिसण्याची आशा नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिही. ही दोन वस्तुमानं सारखीच असतात हे सांगणारं आइन्स्टाइनचं समतुल्यता तत्त्व कोसळलं, असं मात्र चुकूनही लिहू नकोस. इलेक्ट्रॉन एकटा नाही, तो हीट बाथमध्ये बुडालेला आहे.

एक काम कर. स्वऊर्जेत चतुर्वेगाचं जे वेगळं पद येतं, त्याचा सहगुणक तापमान शून्याकडे नेऊन तपास. तो शून्य व्हायला हवा. ती दोन पानं मला पाठव, मी पेन्सिल घेऊन बसते.

तुझी,
आई